दोन मिनिटं पन्नास सेकंद

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

वर्तमानपत्राचं क्रीडा पान उघडलं की आपली नजर आधी क्रिकेटवर जाते. मग टेनिस, फुटबॉल, कुठली तरी मोठी लीग. पानाच्या अगदी तळाशी, जाहिरातीच्या वर, बारीक टायपात चार-सहा ओळी असतात. ‘आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धेत अमुक महाविद्यालयाने तमुक महाविद्यालयाचा १२-११ असा एक गुण व अडीच मिनिटे राखून पराभव केला. विजयी संघाकडून अमुकने २.१० मिनिटे व १.४० मिनिटे संरक्षण करत तीन गडी बाद केले.’ एवढंच. बहुतेक जण ही बातमी ओलांडून पुढे जातात. ज्यांच्या घरातलं नाव त्यात असतं, ते मात्र कात्री शोधतात.

त्या चार-सहा ओळींमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लहानशा महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षणाचा विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे मी, एक शिपाई आणि एक पत्र्याचं कपाट. आमच्याकडे क्रिकेटची मॅट नव्हती, बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान नव्हतं. काळी माती होती, दोन लाकडी खांब होते आणि फक्कीचं पोतं होतं. खो-खोला एवढं पुरतं. म्हणूनच हा लहान महाविद्यालयांचा खेळ आहे. दोन-चार हजार विद्यार्थ्यांच्या शहरी महाविद्यालयाला तीनशे विद्यार्थ्यांचं गावातलं महाविद्यालय ज्या थोड्या खेळांमध्ये सरळ सरळ हरवू शकतं, त्यात खो-खोचा नंबर बराच वर लागेल.

आज मला या खेळाचा इतिहास सांगायचा नाही. ती बारीक टायपातली बातमी कशी वाचायची, एवढंच सांगायचं आहे. ती नीट वाचता आली की मैदानावर न जाताही सामना दिसतो. आणि नीट लिहिली गेली नाही, तर काय होतं तेही सांगणार आहे. कारण ती चूक माझ्या हातून झालेली आहे.

आधी खेळाची चार वाक्यांत उजळणी करू. पारंपरिक नियमांनुसार संघ बारा जणांचा, मैदानात नऊ. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मुभा आहेत. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याला पलीकडे जायचं तर एकच वाट, बसलेल्याला मागून खो द्यायचा आणि त्याची जागा घ्यायची. नऊ मिनिटं एक संघ पाठलाग करतो, मग दुसरा. असे दोन डाव. म्हणजे दोन्ही संघांच्या वाट्याला अठरा-अठरा मिनिटांचा पाठलाग आणि तेवढीच पळती. एक गडी बाद, एक गुण.

आता निकालाकडे येऊ. खो-खोत विजय तीन तऱ्हांचा असतो आणि बातमीतल्या शब्दांवरून ती तऱ्हा कळते.

पहिली तऱ्हा म्हणजे नुसता ‘तीन गुणांनी विजय’. याचा अर्थ, जिंकणारा संघ शेवटच्या नऊ मिनिटांत पळत होता. समोरच्याला जेवढे गडी हवे होते तेवढे त्यानं मिळू दिले नाहीत. हा पळणाऱ्यांनी राखलेला सामना.

दुसरी तऱ्हा, ‘एक गुण व अडीच मिनिटे राखून’. इथे जिंकणारा संघ शेवटी पाठलाग करत होता. समजा, पहिल्या डावात अ संघानं सहा गडी टिपले, ब संघानं पाच. दुसऱ्या डावात अ संघानं आणखी पाच टिपले. त्याचे झाले अकरा. आता ब संघाला जिंकायला नऊ मिनिटांत सात गडी हवेत. त्यानं सातवा गडी साडेसहा मिनिटांतच टिपला. सामना तिथेच संपला, अडीच मिनिटं शिल्लक राहिली. निकाल १२-११. नुसता आकडा पाहिला तर वाटेल, अटीतटीचा सामना झाला. पण अडीच मिनिटं शिल्लक असणं म्हणजे तो सामना शेवटाकडे एकतर्फी झाला होता. उलट ‘एक गुण व दहा सेकंद राखून’ असं छापलेलं दिसलं, की समजावं, तिथे मैदानाबाहेरच्यांनी श्वास रोखून धरले होते.

तिसरी तऱ्हा, ‘एक डाव व सहा गुणांनी’. पहिल्या डावात एका संघाला नऊ किंवा त्याहून जास्त गुणांची आघाडी मिळाली, तर तो समोरच्याला पुन्हा पाठलाग करायला लावू शकतो. म्हणजे फॉलोऑन. समजा, पहिल्या डावाअखेर १५-४. पुन्हा पाठलाग करूनही समोरच्याला पाचच गडी मिळाले. त्याचे दोन डावांचे मिळून नऊ. मग बातमीत छापतात, १५-९, आणि कंसात १५-४, ०-५. ते शून्य पाहून अनेक जण फसतात. त्यांना वाटतं, जिंकणाऱ्याला दुसऱ्या डावात एकही गडी मिळाला नाही. खरं तर त्याला दुसऱ्यांदा पाठलाग करायची वेळच आली नाही.

हा झाला संघाचा हिशोब. खेळाडूचा हिशोब याहून नाजूक असतो.

‘२.१० मिनिटे संरक्षण’ म्हणजे दोन पूर्णांक दहा शतांश नव्हे, दोन मिनिटं आणि दहा सेकंद. बातमीत एकाच खेळाडूसमोर दोन वेळा असतात, कारण पळती दोन डावांत दोनदा येते. वेळेपुढे ‘नाबाद’ असेल तर ती व्यक्ती बाद होण्याआधीच शिट्टी वाजली.

ही वेळ काढतात कशी? गुणलेखकाजवळ घड्याळ असतं आणि ते नऊ मिनिटं सलग चालतं. पहिल्या तुकडीतली पहिली मुलगी १ मिनिट २० सेकंदांना बाद झाली, तिचा वेळ १.२०. दुसरी १.५० ला, तिचा वेळ १.५०. तिसरी ३.०० ला, तिचा वेळ ३.००. इथपर्यंत सोपं आहे. आता दुसरी तुकडी उतरली. तिच्यातली पहिली मुलगी घड्याळात ५.१० असताना बाद झाली. तिचा वेळ पाच मिनिटं दहा सेकंद नाही; ती तीन मिनिटांना उतरली होती, म्हणून २.१०. प्रत्येक वेळी वजाबाकी करायची. तीही भर गोंगाटात, उन्हात, मांडीवरच्या पॅडवर, एक डोळा मैदानावर ठेवून.

दोन मिनिटं दहा सेकंद म्हणजे फार काही नाही असं वाटत असेल, तर एक करून बघा. घराच्या अंगणात दोन खांब धरा आणि दोन मिनिटं कुणाला तरी हुलकावण्या देत पळून दाखवा. समोर एक माणूस नाही, नऊ आहेत. आठ बसलेले आहेत हे खरं, पण त्यातला कोण कुठल्या क्षणी उठेल हे तुम्हाला ठाऊक नाही. चांगला पळणारा पायांनी जेवढा पळतो, त्याहून जास्त डोळ्यांनी पळतो. पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठे झुकला, बसलेल्यातला कोण टाच उचलून तयार आहे, खांब किती पावलांवर आहे, हे सगळं तो एकाच वेळी वाचत असतो. शिवाय बरोबरच्या दोघांसाठी जागाही मोकळी ठेवतो. स्वतःवर पाठलाग ओढून घेऊन दमलेल्या जोडीदाराला श्वास घेऊ देणं, हे पळतीतलं मोठं काम. ते कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

आक्रमणातही तसंच. ‘चार गडी बाद केले’ असं ज्याच्या नावापुढे येतं, त्यानं शेवटचा हात लावलेला असतो. खांबाजवळ सूर मारून टिपलेला गडी सगळ्यांना दिसतो, टाळ्याही त्यालाच. पण त्याच्या आधी कुणी तरी पळणाऱ्याला हळूहळू खांबाकडे रेटत नेलेलं असतं आणि नेमक्या क्षणी, अर्धा सेकंदही न चुकता खो दिलेला असतो. त्या खोला गुण नाही. मी माझ्या मुलांना सांगायचो, बातमी वाचताना ज्याचे गुण शून्य आहेत आणि तरी जो प्रत्येक सामन्यात पहिल्या नवात आहे, त्याच्यावर बारीक लक्ष ठेवा. प्रशिक्षक वेडा नसतो.

आता एक आठवडा कसा असायचा ते सांगतो. २००४ साली सोलापूर विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. त्याआधी आमची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि स्पर्धेसाठी कधी कधी लांबचा पल्ला असायचा. नवं विद्यापीठ झाल्यावर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात स्पर्धा होऊ लागल्या. अकलूज, बार्शी, पंढरपूर, सोलापूर, सगळं एसटीच्या टप्प्यात आलं.

सोमवारी पात्रतेचे अर्ज तपासायचे. फोटो, सही, गेल्या वर्षीचं गुणपत्रक. बारातल्या दोघांचं काही तरी अडलेलं असायचंच. मंगळवारी मुलींच्या घरी जायचं. हा माझ्या कामाचा सगळ्यात अवघड भाग. ‘मुक्काम पडणार का सर?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं आणि तरी परवानगी मिळवायची. बुधवारी पहाटेची एसटी. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ती दोन दिवस टिकते. दुपारी पहिला सामना, जिंकलो तर गुरुवारी दुसरा. हरलो तर त्याच रात्रीच्या गाडीनं परत. अर्ध्या वर्षाचा सराव, एका दिवसाचा सामना, असं आमच्यासारख्या कितीतरी संघांचं व्हायचं. शुक्रवारी अंतिम सामना आणि त्यानंतर निवड समिती बसायची. स्पर्धेतल्या कामगिरीवरून विद्यापीठाच्या संघासाठी संभाव्य खेळाडूंची यादी निघायची. त्यांचं शिबिर, त्यातून अंतिम संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथे टिकलं तर अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव असतो, त्यातही खो-खो आहे. म्हणजे शिडी पुष्कळ उंच आहे. पण तिची पहिली पायरी म्हणजे त्या बुधवार-गुरुवारचा गुणतक्ता.

आणि त्या पायरीवर काय काय अवलंबून असतं! विद्यापीठाकडून खेळलं की परीक्षेत वाढीव गुणांचा आधार मिळतो. त्याच्याही वर मजल गेली, तर महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी कोणत्या पातळीवर खेळलात आणि कोणतं स्थान मिळवलंत, याची प्रमाणपत्रं लागतात, त्यांची पडताळणी होते. वर्तमानपत्रातल्या कात्रणाला तिथे किंमत नाही. पण गंमत बघा, प्रमाणपत्रावर संघाचं नाव असतं, स्थान असतं, तारीख असते. दोन मिनिटं दहा सेकंद फक्त कात्रणावर असतात. तिनं नेमकं काय केलं, हे सांगणारा कागद तेवढा एकच.

आता माझी चूक. साल नेमकं सांगत नाही, पण ही गोष्ट १९९०च्या दशकातली आहे. आमचा संघ हरून बाहेर पडला होता आणि मी थांबलो होतो, म्हणून पुढच्या सामन्याला मला गुणलेखक म्हणून बसवलं. दोन्ही संघ मला परके. दोन्ही लहान महाविद्यालयांचे, मुलींचे. बनियनवरचे आकडे घरी रंगवलेले. एका संघात दुसऱ्या तुकडीत दोन मुली होत्या, एकीचा नंबर एक, दुसरीचा सात. इंग्रजी आकडे, धुण्यात रंग उडालेले. लांबून एक आणि सात सारखेच दिसायचे.

नंबर एक लवकर बाद झाली, चाळीस सेकंदांत. नंबर सात मात्र टिकली. काय पळाली ती पोर! खांबाला वळसा घालताना हात टेकून असं काही अंग फिरवायची की पाठलाग करणारी थेट पुढे निघून जायची. दोन मिनिटं पन्नास सेकंद. मी पाहत राहिलो आणि तिथेच घात झाला. पहिल्या शिट्टीला मी नंबर सातवर काट मारली होती. चाळीस सेकंद सातच्या नावावर, दोन पन्नास एकच्या नावावर.

सामना संपल्यावर मी तक्ता तपासला. तुकडीची एकूण वेळ जुळली. गुण जुळले. निकाल बरोबर होता. दोन्ही आकडे एकाच संघाच्या एकाच तुकडीतले, त्यामुळे बेरीज कुठेच अडली नाही. चूक दिसायला जागाच नव्हती. दोन्ही कर्णधारांनी सह्या केल्या, मी केली, पंचांनी केली. संध्याकाळी बातमीदाराला मीच फोनवर वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मैदानावर आल्या. हातात पेपर. बोलली ती नंबर एक. म्हणाली, ‘‘सर, यात माझं नाव आलंय. पण हे माझं नाही, हिचं आहे.’’ नंबर सात शेजारी उभी होती, खाली बघत, पायाच्या अंगठ्यानं फक्कीची रेघ उकरत.

माझ्या लगेच लक्षात आलं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, ‘‘अगं, संघाचा निकाल तर बदलत नाही ना? बेरीज बरोबर आहे. पुढच्या सामन्यात पळ, तेव्हा नीट लिहू.’’ सह्या झालेला कागद उघडून, ‘माझं चुकलं’ असं चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली. खरं कारण तेवढंच. तो कागद दुरुस्त करायला दोन मिनिटंही लागली नसती.

पुढच्या सामन्यात त्यांचा संघ पहिल्या डावातच कोलमडला. संभाव्य खेळाडूंची यादी लागली, त्यात नंबर एकचं नाव होतं. नंबर सात शेवटच्या वर्षाला होती. तिला पुढचं वर्ष नव्हतं.

तिची निवड झालीच असती, असं मी म्हणत नाही. शिबिरात पुष्कळ चांगल्या मुली असतात. पण तिला तिथे उभं राहण्याचा हक्क होता आणि तो माझ्या पेन्सिलीनं गेला. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. पळती संपली की लगेच, पाच मिनिटांच्या विश्रांतीत, दोन्ही संघांसमोर नंबर आणि नाव घेऊन प्रत्येकीची वेळ मोठ्यानं वाचायची. ज्याची वेळ त्याला तोंडपाठ असते, घड्याळ नसलं तरी. चूक असेल तर तिथल्या तिथे हात वर होतो. इतका साधा उपाय आहे. सुचायला मात्र दुसऱ्याचं वर्ष खर्ची पडलं.

निवृत्तीनंतर मी पुतण्याकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो होतो. एका शनिवारी तो मला जवळच्या लहान महाविद्यालयाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला घेऊन गेला. शिरस्त्राणं घालून धडका मारण्याचा तो खेळ मला अर्धाच कळला. पण तिथली व्यवस्था पाहून मी चकित झालो. महाविद्यालयांच्या तिथे तीन श्रेण्या आहेत. तिसऱ्या श्रेणीतल्या महाविद्यालयांना खेळाबद्दल शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे ही मुलं आपल्या मुलांसारखीच, अभ्यास सांभाळून हौसेनं खेळणारी. याच राज्यात अलायन्स नावाच्या लहान गावी माउंट युनियन हे महाविद्यालय आहे. त्यानं या श्रेणीचं राष्ट्रीय अजिंक्यपद तब्बल तेरा वेळा मिळवलंय. मोठ्या वाहिन्यांवर त्यांचे सामने क्वचितच दिसतात.

पण तिथे उंच कठड्यावर दोन-तीन जण नुसत्या नोंदीसाठी बसलेले होते. कुणी चेंडू घेऊन किती यार्ड पळालं, कुणी कुणाला पाडलं. आणि लाउडस्पीकरवरून सांगत होते, अमक्यानं पाडलं, तमक्यानं मदत केली. मदतीचीसुद्धा वेगळी नोंद! मला आपला खो देणारा आठवला. दर आठवड्याला निकालांबरोबर ‘आठवड्याचा खेळाडू’ जाहीर होतो, एक आक्रमणातला, एक बचावातला. पैसा नाही, प्रसिद्धी बेताची, पण लिहून ठेवण्यात कसूर नाही. त्यांची मैदानं, त्यांचे पोशाख आपल्याला परवडणार नाहीत. पेन्सिल आणि घड्याळ परवडतं.

ही वाचनाची सवय किती कामाला येते, त्याचं ताजं उदाहरण देतो. १३ ते १९ जानेवारी २०२५ असा एक आठवडा दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचे वीस आणि महिलांचे एकोणीस संघ होते. भारतानं दोन्ही जिंकले. कर्णधार दोघंही महाराष्ट्राचे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे. मथळे गाजले ते महिलांच्या पहिल्याच सामन्याचे, दक्षिण कोरियावर १७५-१८. आकडा मोठा म्हणून. मला विचाराल तर त्या आठवड्यातला वाचण्यासारखा निकाल दुसराच आहे.

तिथले नियम वेगळे होते. मैदानात सात जण, पाठलाग सात-सात मिनिटांचा, एका गड्याला दोन गुण आणि पळणारी तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली की तिलाही गुण. त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. पुरुषांचा सलामीचा सामना नेपाळशी झाला आणि भारत जिंकला ४२-३७, जेमतेम पाच गुणांनी. अंतिम सामना पुन्हा नेपाळशीच, या वेळी ५४-३६. हे निकाल आपल्या रीतीनं उलगडून बघा. ५४ गुण म्हणजे सत्तावीस गडी, चौदा मिनिटांत. साधारण एकतीस सेकंदांना एक गडी. नेपाळचे छत्तीस म्हणजे अठरा गडी, साधारण सत्तेचाळीस सेकंदांना एक. म्हणजे भारताचा प्रत्येक पळणारा नेपाळच्या पळणाऱ्यापेक्षा सरासरी पंधरा-सोळा सेकंद जास्त टिकला. विश्वचषक त्या पंधरा-सोळा सेकंदांत होता.

महिलांचा अंतिम सामना ७८-४०. त्यात शेवटच्या सात मिनिटांत कर्नाटकच्या चैत्राची तुकडी पाच मिनिटांहून जास्त वेळ टिकली आणि त्या ड्रीम रनचे पाच गुण भारताच्या खात्यात पडले. ७३ वरून ७८. इथे मला फार बरं वाटलं. आयुष्यभर आम्ही ज्या वेळेची नुसती नोंद करत आलो, तिला अखेर गुण मिळाले आणि सामन्यातली सर्वोत्तम खेळाडूही चैत्राच ठरली.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या सुरुवातीलाच हवेत झेप घेऊन नेपाळचा गडी टिपला तो रामजी कश्यपनं. रामजी माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा. अर्धनारी नटेश्वराच्या देवळाचं हे गाव. तिथल्या क्रीडा मंडळाला नावही त्याच देवाचं आहे आणि खो-खोत या मंडळाचा दबदबा आहे. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये रामजी चेन्नईच्या संघातून खेळला, मग देशासाठी. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. सोलापूर-धाराशिव हा पट्टा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण काळ्या मातीत, दोन खांबांमध्ये, इथे काय पिकतं ते बघा.

ही मंडळी आकाशातून पडलेली नाहीत. वर पोचलेल्या एकामागे खालच्या पायरीवर शंभर जण पळालेले असतात. त्यांची नावं त्या बारीक टायपात येतात आणि तिथेच राहतात. म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी पानाच्या तळाशी ती बातमी दिसली, तर अर्धं मिनिट थांबा. विजय कसा आहे ते बघा, गुणांनी, वेळ राखून की डावानं. हरलेल्या संघातली सगळ्यात मोठी वेळ कुणाची, ती शोधा. पुष्कळदा सामन्यातली सर्वांत चांगली पळती हरलेल्यांकडे असते. ते गाव कुठे आहे, आठवून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, गुणलेखक म्हणून बसत असाल, तर वेळा मोठ्यानं वाचा.

काही वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. एका मैदानावर पंच म्हणून एक बाई होत्या. पळती संपली. मुली पाण्याकडे पळणार, तेवढ्यात त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि गुणलेखकाला म्हणाल्या, ‘‘आधी वेळा वाचा. नंबर आणि नाव, दोन्ही.’’ मी जवळ गेलो. त्यांनी ओळखलं. पंच परीक्षा देऊन बरीच वर्षं झाली, म्हणाल्या. मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, ‘‘दोन मिनिटं पन्नास सेकंद.’’

‘‘बावन्न, सर,’’ त्या म्हणाल्या आणि शिट्टी तोंडात धरून मैदानात गेल्या.